आधीच खेळलेली चाल

१

बाळाच्या दिवसातून दोन झोपा व्हायच्या, आणि त्या दोन झोपांत मिळून ती सरासरी अकरा राजे मारायची.

झोपा बाळाच्या. तिच्या स्वतःच्या झोपेचा विषय घरात कुणी काढत नसे. बाळ आठ महिन्यांचं, मुलगी. जन्मली तेव्हा डोक्यावर औषधालाही केस नव्हता म्हणून बापानं तिला ‘गोटी’ म्हणायला सुरुवात केली, आणि आता केस डोळ्यांवर यायला लागले तरी नाव काही सुटलं नव्हतं. गोटी पाळण्यात नीट लागली की ती शेजारच्या खोलीत यायची, खिडकीपाशी खुर्ची ओढायची, फोनचा आवाज बंद करायची आणि बुद्धिबळ खेळत बसायची. तीन मिनिटांचे डाव. तीन मिनिटं तिची, तीन समोरच्याची. वेळ संपला की डाव गेला, मग पटावर काहीही असो. समोरचा म्हणजे जगाच्या पाठीवरचा कुणीतरी रिकामटेकडा. किंवा कोण जाणे, दुसरी एखादी आई.

तिची तऱ्हा एकच होती. दुसऱ्या चालीलाच एक प्यादं पुढं करायचं: घे. पाठोपाठ दुसरं: हेही घे, लाजू नकोस. फुकट मिळतंय म्हटल्यावर समोरचा खात सुटायचा, आणि तो खाण्यात गुंग असताना तिचे दोन्ही उंट शेजारी-शेजारी येऊन त्याच्या राजावर डोळा ठेवून बसायचे. मग एक उंट राजाच्या दारातल्या प्याद्यावर जाऊन आदळायचा, राजाला तो खावाच लागायचा, राजा उघड्यावर यायचा, आणि तिचा वजीर जाऊन त्याच्या छातीवर बसायचा. दहाव्या-अकराव्या चालीला खेळ खलास. याला गँबिट म्हणतात. जाणकार म्हणतात, समोरच्यानं डोकं शांत ठेवलं तर हा प्रकार टिकत नाही. पण तीन मिनिटांत डोकं शांत ठेवतो कोण?

शिवाय तिची खरी करामत त्या प्याद्यांत नव्हतीच. ती होती आगाऊ चालीत. समोरचा विचार करत असतानाच आपली पुढची चाल लावून ठेवायची सोय ॲपमध्ये होती. त्यानं चाल केली रे केली, की आपली त्याच क्षणी पटावर पडते आणि आपल्या घड्याळातला सेकंदही जात नाही. अशा चार-पाच चाली रांगेत लावता यायच्या. तो प्यादं घेणार हे ठरलेलंच. तो घेणार, मी उंट काढणार, तो पुन्हा घेणार. मग त्याची वाट कशाला बघायची? धोका एवढाच, की त्यानं भलतंच काही खेळलं तरी लावलेली चाल पडतेच. पण भलतं खेळायचे कष्ट घेतंय कोण?

एरवी ती अशी नव्हती. तापाचं औषध अडीच मिली की तीन, यासाठी आधी बाटली, मग डॉक्टरांची चिठ्ठी, मग पुन्हा बाटली वाचणारी बाई. लहानपणी ती क्लबात खेळायला जायची तेव्हा तिथले सर म्हणाले होते, “तू पट बघतच नाहीस गं. घरून ठरवून आणलेलं खेळतेस.”

तिला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

२

ती कान तपासायची. म्हणजे बाळंतपणाच्या रजेआधी तेच तिचं काम होतं. पेशंटला चहूबाजूंनी आवाज बंद केलेल्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टीसारखा आवाज आला की बटण दाबा. काचेच्या अलीकडे बसून ती आवाज कमी करत न्यायची आणि माणसाला कुठवर ऐकू येतं त्याचा आलेख काढायची.

आणि अशा बाईला, गोटी तीन आठवड्यांची असताना, खुर्चीतच डोळा लागला आणि शेजारच्या खोलीत बाळ रडलेलं ऐकू आलं नाही. किती वेळ, ते कुणालाच माहीत नाही. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सासूबाई स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत आल्या, तेव्हा गोटी जांभळी पडेपर्यंत रडून, आवाज बसून, नुसती तोंड उघडत-मिटत होती.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “जगाचे कान तपासतेस गं बाई तू.” ते वाक्य त्यांनी मग पुरवून पुरवून वापरलं. पाहुण्यांसमोर हसत, मुलासमोर सुस्कारा सोडून, आणि कधी काही न बोलता, नुसतं स्वतःच्या कानाला बोट लावून.

तेव्हाच तिनं खूणगाठ बांधली. गोटी पुन्हा कधी एकटी रडणार नाही. बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

एका संध्याकाळी नवरा आणि ती जेवत होते. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, हाताला कितीही धुतलं तरी ग्रीसचा वास असायचा.

“शुक्रवारी. साडेदहाला,” ती म्हणाली.

नवऱ्यानं घास चावला. पाण्याचा घोट घेतला. मग विचारलं, “गोटीची लस कधी आहे गं?”

“सांगितलं की आत्ता.”

“कधी?”

“शुक्रवारी.”

“हां. मग सांग ना असं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो जेवत होता. तो नेहमी असंच जेवायचा, ताटाशी काहीतरी महत्त्वाचं बोलणं चाललं असल्यासारखा. आपणच चुकून ऐकलं असेल, ती मनाशी म्हणाली. विचारलं असेल त्यानं आधीही. कानच ते.

३

दोन दिवसांनी ती डाव खेळता खेळता उठली. डाव जिंकत आलेला होता, समोरच्याचा राजा पटाच्या मध्यात उघडाबोडका उभा होता. उठायचं काहीच कारण नव्हतं. तरी ती शेजारच्या खोलीत गेली, पाळण्यावर वाकली, आणि गोटीच्या मानेखाली एक आणि कमरेखाली दुसरा हात घातला.

गोटी गाढ झोपली होती.

मी का आले, असं तिच्या मनात आलं, आणि नेमका तेव्हा गोटीचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, तोंड उघडलं. तोवर ती आईच्या खांद्यावर होती. रडं आलंच नाही. नुसता एक उसासा आला, तोही चकित झाल्यासारखा.

मग हे रोजचंच झालं. सकाळच्या झोपेत एकदा, दुपारी दोनदा. ती उठायची, जायची, उचलायची; मागून कारण यायचं. आणि खोटं कशाला बोला, तिला मजा वाटायला लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कशात तरी ती पुढं होती.

“गुणाची झाली हो पोर,” सासूबाई म्हणाल्या. “रडतच नाही.”

“हो ना, आई.”

“आमचा हा असता तर गल्ली जागी केली असती.” मग त्यांनी सुनेकडे नीट बघितलं. “तू काही देत-बिवत नाहीस ना तिला?”

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या, त्यांनी गोटीचा गाल ओढला. “आहेस होय गं तू? मला वाटलं आजोळी गेलात. चार दिवस झाले, वरून चू नाही की चा नाही.”

सगळे हसले. तीही हसली. पण जिना चढताना मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारण तिच्या कामात असले पेशंट असायचे: आवाज यायच्या आधीच बटण दाबणारे. त्यांना वाटतं, आपले कान तीक्ष्ण. खरं तर ते ऐकतच नसतात. दोन आवाजांमधली लय त्यांच्या अंगात भिनलेली असते आणि ते लयीवर दाबत सुटतात. त्यांना पकडायचा उपाय सोपा. लय मोडायची. मध्येच लांबलचक शांतता ठेवायची, आणि बघायचं, शांततेत बटण दाबलं जातंय का.

४

शुक्रवारी लस झाली. नर्सनं सुई टोचली तेव्हा गोटीचं डोकं आधीच आईच्या मानेत दाबलेलं होतं, आणि ती रडली नाही. नर्स म्हणाली, “अरे वा! हिला तर कळलंच नाही.” तिला स्वतःला मात्र त्या ‘वा’वर हसू आलं नाही. आजूबाजूच्या सगळ्या पोरांनी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि त्या गदारोळात तिच्या छातीशी एक नीटनेटकी शांतता होती.

घरी आल्यावर तिनं सवयीनं ॲप उघडलं. रेटिंग बारानं वाढलं होतं. तिला वाटलं, कालचं असेल. खेळलेल्या डावांची यादी उघडली.

आजचा डाव. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

दहा सत्तेचाळीसला फोन पर्समध्ये होता, पर्स नर्सच्या टेबलावर होती, आणि तिचे दोन्ही हात गोटीभोवती होते. हे तिला शपथेवर सांगता आलं असतं. तिनं डाव पुन्हा चालवून बघितला. तिचाच डाव होता. पहिलं प्यादं, दुसरं प्यादं, दोन उंट, राजाच्या दारातली धडक, वजीर. समोरच्यानं प्रत्येक चालीला वेळ घेतला होता, एका चालीला तर तब्बल चाळीस सेकंद. बिचारा खरोखर विचार करत होता. तिच्या रकान्यात ओळीनं शून्य, शून्य, शून्य. त्याचं सगळं चाळीस सेकंदांचं डोकं आधीच दिलेल्या उत्तरावर जाऊन आपटलं होतं.

फोनला धक्का लागला असेल. पर्समध्ये बोटासारखं काहीतरी. ती स्वतःशीच कडवट हसली: किल्ल्यांचा जुडगा गँबिट खेळतो, आणि तोही माझ्यापेक्षा बरा.

मग तिनं ॲप काढून टाकलं. काढू का, असं फोननं विचारायच्या आधी तिचं बोट ‘हो’ जिथं उमटतं तिथं टेकलेलं होतं.

५

ॲप गेलं. हात राहिले.

आणि अंतर वाढायला लागलं. आधी होतं ते डोळ्याची पापणी लवण्याएवढं. मग पाण्याचा घोट घेण्याएवढं. आता तिनं सकाळी अकराला कपाटातून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला, का ते कळेना म्हणून स्वतःवरच चिडली, आणि दुपारी चारला गोटीचं अंग तापलं. मंगळवारी तिनं मोरीतल्या नळाखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवला. बुधवारी संध्याकाळी नळ गळायला लागला.

तिनं नवऱ्याला सांगून बघितलं. सगळं नाही. माणूस वेड्यात काढणार नाही एवढंच.

“अगं, लिफ्टचंही तसंच असतं,” तो म्हणाला. “बटण एकदा दाबलं की ती निघाली. मग दाबणारा कंटाळून जिन्यानं गेला तरी ती यायची ती येतेच. दार उघडते, रिकाम्या मजल्यावर थोडा वेळ उभी राहते, बंद होते.”

“याचा माझ्याशी काय संबंध?”

“तू दमलीयस, एवढाच संबंध. तुझ्या डोक्यात सारखी बटणं दाबलेली असतात.”

“आणि कुणी न दाबताच आली तर?”

“तर मग आम्हाला फोन करायचा,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, दारातच थांबला, म्हणाला, “आज ना कामावर,” आणि ती खळखळून हसली. कामावरचे किस्से तो असेच सुरू करायचा. पण त्याच्याबरोबरच्या एका माणसाची तीन बोटं गेली होती. नवरा तिच्याकडे बघत राहिला. आणि तिला त्या क्षणी, लाज वाटायच्याही आधी, केवढा आनंद झाला! चुकले. मी चुकले. म्हणजे मला काही कळत-बिळत नाही, मी नुसती लयीवर बटण दाबते. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

“तुला काय झालंय काय?” नवरा हळू आवाजात म्हणाला. त्या रात्री तो पाठ करून झोपला. तिला मात्र कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली.

६

सोमवारी सकाळी गोटीला सतरंजीवर, खेळण्यांच्या मध्यात बसवून ती आंघोळीला गेली. आंघोळीला गेली, एवढं तिला नक्की आठवतं. केस पुसत बाहेर आली तेव्हा गोटी सतरंजीवरच होती, लाकडी घोड्याचं शेपूट चोखत.

पाळणा नव्हता.

म्हणजे होता. मोडून, भिंतीशी नीट उभा केलेला. चार बाजू, एक तळ, मोठ्यामागं लहान असा लावलेला. वर एक पाकीट चिकटवलेलं: ‘पाळण्याचे स्क्रू, सोळा’. अक्षर तिचं. शेजारी मोठी पिशवी, तिच्यात गोटीचे कपडे, धुतलेले, घड्या घातलेले, तोंडाला दुहेरी गाठ. बाटल्या, चमचा, केसांचा चिमुकला ब्रश वेगळ्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. केवढं निगुतीनं केलेलं काम! रडत-ओरडत केलेलं नव्हतं. काम संपवून टाकायचंय, पण नीट संपवायचंय, अशा माणसाचं होतं.

तिनं घड्याळ बघितलं. पावणेबारा. आंघोळीला ती नऊला गेली होती. उजव्या तळव्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीएवढा फोड आला होता.

चारला सासूबाई आल्या. “आवरलंस होय? बरं केलंस. लांबली आता ती, मोठा पलंगच लागेल.”

तिनं त्या वाक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. “हो ना आई, तेच म्हटलं. लांबली ना ती?”

“तर काय.” सासूबाईंनी पिशवीची गाठ सोडली, वरचे दोन-चार कपडे उलटेपालटे केले आणि थांबल्या. “पण हे कालपरवाचे कशाला बांधलेस? उद्या काय घालशील तिला?”

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच एका प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्यानं कुरकुरत पाळणा पुन्हा जोडला. ती जवळ बसून एकेक स्क्रू त्याच्या हातात देत होती. “घट्ट कर,” ती म्हणत होती, “अजून घट्ट.”

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिंकपाशी बाटल्या धूत होती. डाव्या कडेवर गोटी, तिच्या गाऊनची कॉलर चघळत. नळ चालू. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

“हो, मीच,” ती म्हणाली.

मोठ्यानं. नेहमीच्या आवाजात नाही, तर दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना लावायची त्या आवाजात. मग ती थांबली. कुणी काही बोललं नाही. नळ वाहत होता.

“साडेआठ महिने.”

पुन्हा थांबली. किती थांबायचं ते तिला ठरवावं लागलं नाही. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत असेल आणि मग कागदावर लिहून घेत असेल, तेवढं. लिहिणारा संथ होता.

“नाही, आवाज आला नाही. आला असता तर मी गेले असते.”

तिनं ओला हात तोंडावर दाबला. साबणाचा फेस ओठांत गेला. हाताखाली ओठ हलत होते.

“शेजारच्याच खोलीत होते.”

या वेळी लिहिणाऱ्याला बराच वेळ लागला. गोटीनं कॉलर सोडली आणि आईच्या तोंडाकडे कुतूहलानं बघितलं, बोट पुढं करून तिचा ओठ चाचपला. मग तिच्या तोंडून शेवटचं आलं, अगदी हळू, समजूत घालावी तसं.

“नाही हो. ती रडत नाही.”

८

घाबरून चालणार नव्हतं. ती घाबरलीच होती, पण गोटीला घट्ट धरून सतरंजीवर बसल्यावर तिनं एकेक धागा सोडवायला घेतला. ती शिकलेली बाई होती. तिचं निम्मं आयुष्य शांतता मोजण्यात गेलं होतं.

सगळं कुठं अडकलंय? रडण्यापाशी. मी आधी उचलते, म्हणून ती रडत नाही. ती रडायचं विसरलीय. उद्या खरंच काही झालं, गळ्यात काही अडकलं, कुठं मान अडकली, तरी ती हाक मारणार नाही, कारण हाक मारायची असते हे तिला ठाऊकच नाही. हा घात मी केलाय. सासूच्या त्या एका वाक्यासाठी. जिंकायची एवढी घाई, की लेकराची पाळीच येऊ दिली नाही.

मग उपायही सरळ आहे. तिला रडू द्यायचं. आधी तिची चाल होऊ द्यायची. माझ्या घड्याळातला वेळ जातोय तर जाऊ दे. ती रडेल, मी ऐकेन, आणि मग जाईन. एकदा ती रडली, की सकाळची सगळी उत्तरं खोटी पडली. बोटांच्या वेळी नव्हते का मी चुकले?

एक वाजून दहा मिनिटांनी तिनं गोटीला पाळण्यात ठेवलं. आधी गादी चारी कडांनी दाबून बघितली. उशी काढली, पांघरूण काढलं, कापडी ससा काढला. प्रत्येक गज हलवून बघितला. गोटीला उताणी ठेवलं. ती जागी होती, पाय हवेत धरून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. “रड हं राजा,” ती म्हणाली. “आई आहे. तू नुसती रड.” दार ओढून घेतलं. उघडं राहिलं असतं तर बघायचा मोह झाला असता.

शेजारच्या खोलीत ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

एक वीस. आतून गोटीचं स्वतःशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं, मग थांबलं. झोपली.

दीड वाजता तिचे पाय उठले. सांगून सवरून नाही, नेहमीसारखेच. ती अर्धी उभी राहिली होती. तिनं खुर्चीचे हात पकडले आणि स्वतःला खाली खेचलं, एखाद्या दांडगट माणसाला दाबून बसवावं तसं. पोटऱ्या थरथरत होत्या. सगळं अंग म्हणत होतं: ऊठ, जा, उचल. नाही. आता येईल रडं. दर वेळी आलंय. मी उठते, आणि मागोमाग ते येतं. येऊ दे. आज आधी ते येऊ दे.

ती कानात प्राण आणून बसली. खालून काकूंच्या कुकरची शिट्टी आली. गच्चीवर पाण्याची टाकी भरत होती. भिंतीत कुठंतरी पाइप ठकठकला. बंद खोलीत पेशंट पुढं झुकून, डोळे मिटून त्या बारक्या आवाजाची वाट बघतात, तशी ती बघत होती.

एक चाळीसला पाय पुन्हा उठले. या वेळी जोर जास्त होता. तिनं पाय खुर्चीच्या पायांना आतून अडकवले, ओठ चावला, रक्त आलं. घोट्यापाशी हिसका बसला आणि हळूहळू जोर ओसरला. मग तो पुरताच गेला. अंग हलकं झालं. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा तिचे हात तिचे वाटले, पाय तिचे वाटले. कुठंच जायची ओढ उरली नव्हती. जिंकले, असं तिच्या मनात आलं.

शांतता होती. फार सुरेख शांतता. मोजायला गेलं तर आलेखाच्या तळाशी जाईल अशी.

एक पन्नास.

एक पंचावन्नला तिच्या लक्षात आलं की आपण शेजारच्याच खोलीत आहोत.

आणि आवाज आलेला नाही. आला असता, तर मी गेले असते.

खुर्ची कलंडली. ती पळाली, चारच पावलांचं अंतर, पण मध्ये सतरंजी पायात आली, ती दारावर आपटली, कडी हातात आली. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. झोपली असेल. उगाच जीव टांगणीला लावते मी. पोरं झोपतातच की दुपारची. तिनं कडीवरची बोटं आवळली, आणि कसली तरी गार धार हनुवटीवरून गळ्यात उतरली, तेव्हा तिचा दुसरा हात गालाकडे गेला.

गाल भिजले होते. गळा भिजला होता, गाऊनचा पुढचा भाग भिजून अंगाला चिकटला होता. श्वास हुंदक्यांनी तुटत होता, खूप वेळ रडून दमलेल्या माणसाचा तुटतो तसा.

दार अजून उघडायचं होतं.